चढ तेवढाच, दिवस वेगळा: बामणोली ते कास रस्त्यावरचं एक प्रकरण

पुणे, भोर, मांढरदेवी, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, तापोळा, बामणोली, कास, सातारा. आमच्या सायकल सहलीचा हा मार्ग. यात सगळ्यात कमी किलोमीटरचा टप्पा शेवटचा होता. तापोळ्याहून लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायचा आणि बामणोलीहून कासमार्गे साताऱ्यात उतरायचं. सायकलवर जेमतेम सदतीस-अडतीस किलोमीटर. नेमका तोच टप्पा अंगावर आला. आमच्यातल्या सगळ्यात नेमाने सायकल चालवणाऱ्या ताई कासच्या चढावर रस्त्याच्या कडेला बसल्या, त्या उठेनात.

पुण्यात परतल्यावर ज्याला हे सांगितलं, त्याने एकच कारण काढलं: वय. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला घाटात नेलंच कशाला, असंही काही जण म्हणाले. मला हे निदान मुळीच पटत नाही, आणि न पटायला ठोस कारण आहे. आदल्याच टप्प्यांत याच ताईंनी, याच सायकलवर, एवढंच सामान घेऊन, जवळजवळ तेवढ्याच उंचीचा, वाई ते पाचगणीमधला पसरणीचा घाट हसतखेळत चढला होता. दोन सारखे चढ, माणूस तोच आणि निकाल उलटे. म्हणजे फरक दुसरीकडे कुठेतरी आहे. तो कुठे आहे हे नीट शोधावं, म्हणून हे सगळं तपशिलात मांडतो आहे.

माणसं, सायकली आणि आखणी

आम्ही चौघं होतो. ताई शाळेत शिकवतात आणि रोज पहाटे सायकलवर फेरी मारतात. त्यांचा कॉलेजात शिकणारा भाचा, सायकल दुरुस्तीत हात बसलेला माझा एक मित्र, आणि मार्ग आखणारा मी. सोबत गाडी नव्हती. सामान कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत. दिवस ऑक्टोबर अखेरचे. पाऊस थांबलेला, भाताची कापणी सुरू झालेली, डोंगर अजून हिरवे, आणि दुपारी ऊन मात्र चटका देणारं.

खंबाटकीतून हायवेने वाईला जाणं सोपं आहे, पण ट्रकच्या धुरात सायकल चालवण्यात काय आनंद? म्हणून कापूरहोळपाशी हायवे सोडला, भोरला मुक्काम केला आणि पुढे आंबवड्यावरून मांढरदेवीचा घाट घेतला. आंबवड्याला झुलता पूल आहे, नागेश्वराचं जुनं देऊळ आहे, झाडीत गारवा आहे. तिथून वर चढताना मागे वळून पाहिलं की भोरचं खोरं दिसतं, आणि घाटमाथा ओलांडला की समोर कृष्णेचं खोरं उघडतं. सायकलवर हे संथपणे होतं, त्यामुळे एका नदीचं खोरं संपून दुसरीचं सुरू होतं म्हणजे काय, ते पायांना कळतं.

आखणी करताना मी किलोमीटर जवळजवळ बाजूला ठेवतो. घाटात किलोमीटरवरून वेळेचा अंदाज लागत नाही, तो उंचीवरून लागतो. हिशोब अवघड नाही. ताई, त्यांची सायकल आणि सामान मिळून साधारण 85 किलो. हे वजन 100 मीटर वर न्यायचं तर सुमारे 83 किलोज्यूल काम करावं लागतं, रस्ता कितीही वळणं घेवो. रोज सायकल चालवणारा पण शर्यतीत न उतरणारा माणूस तासन्‌तास टिकवू शकतो ती ताकद 100 वॅटच्या आसपास धरायला हरकत नाही. त्यातली थोडी टायरच्या घर्षणात आणि वाऱ्यात जाते. उरलेल्या ताकदीत तासाला साधारण साडेतीनशे मीटर उंची चढून होते. हा आकडा ताईंचा. भाच्याचा पाचशेच्या वर जाईल, पण गटाचा आकडा म्हणजे सगळ्यात हळू चढणाऱ्याचा आकडा. मग प्रत्येक टप्प्याची चढाई मोजायची, तिला साडेतीनशेने भागायचं आणि जे तास येतील ते दिवसाच्या थंड वेळात बसतात का ते बघायचं.

गिअरकडेही आधीच लक्ष दिलं होतं. ताईंच्या हायब्रिड सायकलला पुढचं लहान चक्र 28 दातांचं आणि मागचं मोठं चक्रही 28 दातांचंच होतं. म्हणजे पॅडलचा एक फेरा मारला की चाकाचाही एकच फेरा. सहा टक्क्यांच्या चढावर 100 वॅटमध्ये सायकल ताशी सहा-साडेसहा किलोमीटरने जाते, आणि त्या गिअरमध्ये या वेगाला मिनिटाला पन्नासच्याही खाली फेरे पडतात. प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर दाब. मित्राने मागे 34 दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे चक्रांचा संच, बसवली, चेन थोडी लांब केली, आणि मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) एवढं मोठं चक्र झेपवतो याची खात्री करून घेतली. त्याच वेगाला फेरे साठाच्या घरात आले. खर्च फार नाही, पण घाटात या सहा दातांएवढा उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही. महागडी हलकी सायकल घेण्याआधी लोकांनी हे करून बघावं, असं मी कळकळीने सांगतो.

आराखड्यात एक दिवस मोकळा ठेवला होता. त्या दिवशी कुठे पोचायचं नाही, काही बघायचं नाही. तो कुठेही खर्च करायला राखलेला.

पसरणी

वाईत घाटावर, ढोल्या गणपतीजवळ संध्याकाळ गेली. रात्री पोटभर जेवण: भाकरी, पिठलं, ठेचा, लोणचं. ताई लोणचं सहसा खात नाहीत, रक्तदाबाची गोळी चालू असल्याने घरी मीठ कमीच असतं. त्या रात्री मात्र मागून घेतलं. पुढे हे महत्त्वाचं ठरतं.

वाई समुद्रसपाटीपासून 700 मीटरच्या थोडी वर, पाचगणी 1300 मीटरच्या आसपास. मधल्या बारा-तेरा किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर चढायचं. उजाडता उजाडता निघालो. पोहे खाऊन निघालो होतो. घाटात थंड हवा, रस्ता रुंद, चढ एकसारखा. पर्यटकांच्या गाड्या अजून सुरू झालेल्या नव्हत्या. ताई मधल्या गिअरवरून लहान गिअरवर आल्या आणि तिथेच राहिल्या. गप्पा मारता येतील एवढाच श्वास लागू द्यायचा, हे ठरलं होतं, आणि त्या खरोखर बोलत होत्या. खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा एकदा थांबलो, एक वळण सोडून वर पुन्हा थांबलो. दोन तासांच्या आत पाचगणी. ऊन चढायच्या आत चहा.

तिथून महाबळेश्वरपर्यंतचा रस्ता टेकाडांवरून वरखाली करत जातो. दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीचे वाफे, त्यांवर अंथरलेला मल्चिंगचा कागद, त्याच्या भोकांतून डोकं काढलेली रोपं, आणि कंबर वाकवून काम करणाऱ्या बायका. एका बाईने ताईंना विचारलं, "सायकलीवं पुण्यास्नं आलासा? अन घरच्यांनी सोडलं?" ताई म्हणाल्या, "घरचा एक सोबतच आणलाय," आणि भाच्याकडे बोट केलं.

तापोळ्याचा उतार आणि रात्र

महाबळेश्वर ते तापोळा हा उतार सुमारे सातशे मीटरचा. उताराला लोक कामात धरत नाहीत, पण 85 किलो वजन सातशे मीटर खाली आणायचं म्हणजे जवळजवळ 580 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, आणि अरुंद वळणांच्या रस्त्यावर वारा त्यातली थोडीच घेतो. बाकी सगळी ब्रेकमध्ये जाते. रिमवर घासणारे ब्रेक सतत दाबून धरले तर रिम एवढी तापते की ट्यूब फुटू शकते. आमची पद्धत अशी होती: वळणाआधी दोन्ही ब्रेक घट्ट दाबून वेग उतरवायचा, मग सोडायचा, मधेमधे थांबून रिमला बोटाने चाचपायचं. मित्राने एका थांब्यावर ब्रेकचे रबर तपासले. भाच्याच्या मागच्या रबरात बारीक खडी रुतली होती, ती चाकूच्या टोकाने काढली. हातांना आणि खांद्यांना मात्र या उताराचा शीण येतोच. तो आकड्यांत दिसत नाही.

तापोळ्याला पाण्याकाठी मुक्काम. कोयना धरण 1964 मध्ये पूर्ण झालं आणि त्याचं पाणी इथवर वर चढलं. कितीतरी गावं उठली, घरं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत विखुरली. जी गावं काठावर उरली त्यांतले कर्ते पुरुष बहुतेक मुंबई-नवी मुंबईत, पुष्कळसे माथाडी कामावर. गावात म्हातारी माणसं, बायका आणि शाळकरी मुलं. सायकलवाल्याने हे ध्यानात घ्यायला हवं, कारण त्याचा थेट परिणाम सोयींवर होतो. वाटेतल्या वाड्यांमध्ये दुकान असलं तरी ते सणावाराला आणि सुट्टीला उघडतं. एरवी पाणी मिळेल, माया मिळेल, पण बिस्किटाचा पुडाही मिळेलच असं नाही.

रात्री पाण्यावरून दमट वारा येत होता. ताईंना नीट झोप लागली नाही, हे त्यांनी सकाळी सांगितलं. ऑक्टोबरमध्ये धरण भरलेलं असतं, त्यामुळे लाँच अगदी गावाला लागते. मे महिन्यात पाणी दूर ओसरतं आणि सायकल चिखलातून उचलून न्यावी लागते. पाण्याच्या बाबतीत आमचा मोसम बरोबर होता. अडलं वेळेत. सकाळच्या पहिल्या लाँचला आधी ठरलेली मंडळी होती, आमच्या चार सायकली तिच्यात मावेनात. पुढची कधी, याचं उत्तर "येईलच" एवढंच. ती आता येईल, मग येईल, या नादात नीट न्याहारी झाली नाही. चहा आणि दोन-दोन ग्लुकोज बिस्किटं. लाँच आली, सायकली आडव्या रचून दोरीने बांधल्या, आणि बामणोलीच्या काठाला पाय टेकला तेव्हा अकरा वाजत आले होते.

चढ

शिवसागराची पूर्ण भरल्यावरची पातळी 660 मीटरच्या आसपास आणि कासचं पठार 1200 मीटरच्या आसपास. अंतर बारा-तेरा किलोमीटर. पसरणीशी ताडून बघा: तेवढंच अंतर, चढाई उलट थोडी कमीच. ज्याने फक्त नकाशा पाहिला त्याला काळजीचं काही दिसणार नाही.

पण हा रस्ता डोंगराच्या पश्चिम अंगाने चढतो. सकाळी आठ-नऊपर्यंत तो डोंगराच्याच सावलीत असतो आणि तेव्हा याच्याएवढा सुखाचा चढ नाही. अकरानंतर ऊन थेट त्याच्यावर येतं ते मावळेपर्यंत हलत नाही. खाली जलाशय, त्यामुळे हवा दमट. आणि ताशी पाच-सहा किलोमीटरने चढणाऱ्या सायकलला स्वतःचा वारा नसतो. सपाटीवर घाम आला की वाऱ्याने उडतो. चढावर तो हनुवटीवरून हँडलवर टपकतो.

यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. शरीर अन्नातल्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा पॅडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. पॅडलवर 100 वॅट म्हणजे अंगात साडेतीनशे-चारशे वॅट उष्णता. ती बाहेर टाकायला तासाला अर्धा लिटर घाम पूर्ण वाळावा लागतो. डोक्यावरचं ऊन धरलं तर आणखी. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. म्हणून शरीर आणखी घाम काढतं. लिटरभर घाम तासाभरात सहज जातो आणि त्याबरोबर मीठही.

ताई पाणी पीत होत्या. भरपूर पीत होत्या, नुसतं पाणी. दोन बाटल्या संपवून तिसरी सुरू होती. आदल्या रात्री जेवणात मीठ बेताचं, सकाळी न्याहारी नाही, पोटात चहा. शिवाय रक्तदाबाची गोळी नेहमीप्रमाणे सकाळी घेतलेली. ती गोळी लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणाऱ्या औषधाची जोड असलेली होती, हे परतल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. अंगातून मीठ घामाने जात होतं, गोळीने जात होतं, आणि जे उरलं होतं ते नुसत्या पाण्याने पातळ होत होतं.

पहिली खूण भाच्याने पाहिली. ताई बोलेनाशा झाल्या होत्या. त्याने काही विचारलं तर "चल तू" एवढंच, तेही चिडून, आणि चिडणं हा त्यांचा स्वभाव नाही. मग पोटरीत गोळा आला. उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि कडेच्या दगडावर बसल्या. चेहरा पांढरा, कातडी गार आणि चिकट, डोकं दुखतंय, मळमळतंय.

अशा वेळी आधी एकच गोष्ट तपासायची: माणूस शुद्धीत आणि भानावर आहे का. उन्हाने थकवा येणं आणि उष्माघात होणं यातली सीमारेषा तिथे आहे. नाव, गाव, आज वार कोणता, हे विचारल्यावर जर गोंधळलेली उत्तरं आली, बोलणं अडखळलं, अंग भाजल्यासारखं तापलं, तर थांबून बघत बसायचं नाही. अंगावर पाणी ओतत राहायचं आणि 108 ला फोन लावायचा. ताईंनी वार बरोबर सांगितला, आणि शाळेला सुट्टी कधी संपते तेही सांगितलं. नाडी जलद होती पण एकसारखी. म्हणजे प्रकरण थकव्याचं होतं, अजून हातात होतं.

सावली जवळ नव्हती. शंभरेक पावलांवर एक वाडी दिसत होती. मित्राने आणि मी दोन्ही बाजूंनी आधार देऊन त्यांना तिथवर नेलं. पहिल्याच घराच्या पडवीत एक आजी पत्रावर नाचणी वाळत घालत होत्या. त्यांनी काही न विचारता घोंगडी अंथरली. "बाय, हितं आडवी हो. पाय वर घे." हेल्मेट काढलं, बूट काढले, ओला पंचा मानेवर आणि काखेत ठेवला, भाचा पुठ्ठ्याने वारा घालत राहिला. ओआरएसची पाकिटं माझ्याकडे होती. एक लिटर पाण्यात एक पूर्ण पाकीट, कमीजास्त नाही, कारण त्यातल्या मीठ-साखरेचं प्रमाण ठरवून बांधलेलं असतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट द्यायचं, गटागटा नाही, नाहीतर उलटून पडतं.

आजींनी आतून ताकाचा तांब्या आणला. वर मीठ आणि जिऱ्याची पूड. "ह्ये पी थोड्या वेळानं. नुस्त्या पान्यानं ताकद येत न्हाय." ओआरएसचं अर्धं भांडं पोटात ठरल्यावर ताईंनी ते ताक प्यायलं. अर्ध्या तासात चेहऱ्यावर रंग आला, मळमळ गेली. अर्ध्या तासात फरक पडला नसता तर गाडी बोलावून थेट साताऱ्याला न्यायचं ठरवलेलंच होतं. आजींचा पुतण्या जीप चालवतो हे तोवर विचारून ठेवलं होतं. फोनला तिथे रेंज येत-जात होती, म्हणून भाच्याला वरच्या वळणावर उभं केलं होतं. ही तयारी वापरावी लागली नाही, पण ती आधी करून मग वाट बघायची असते.

पडवीतला निर्णय

दोन वाजले होते. ताई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "चला, आता ठीक आहे मी." खरंच ठीक वाटत होत्या. पठार वर दीडेकशे मीटर राहिलं होतं. पुढचा रस्ता साताऱ्यापर्यंत बहुतेक वरखाली आणि मग यवतेश्वरचा उतार.

चार रस्ते होते. एक, लगेच निघायचं. तो ताबडतोब सोडला, ऊन तसंच होतं. दोन, चारला निघायचं. पश्चिमेचं अंग असल्याने तेव्हाही ऊन अंगावरच, शिवाय ऑक्टोबर अखेरीस सहा-सव्वासहाला अंधार. मग कास ते सातारा पंचवीस किलोमीटर दिव्यांवर. हा सगळा प्रदेश कोयना अभयारण्याच्या आणि 2010 मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा. कातरवेळेला गवे रस्त्यावर येतात. उतारावर वेगात असलेल्या सायकलसमोर गवा म्हणजे काय होईल हे सांगायला नको. तीन, जीपने साताऱ्याला. यात धोका काहीच नव्हता. मित्राचं मत याच बाजूचं होतं. चार, इथेच राहायचं आणि पहाटे निघायचं.

मी चौथ्याच्या बाजूचा होतो, पण एका अटीवर: संध्याकाळी ताईंना भूक लागली पाहिजे, लघवी नेहमीसारखी झाली पाहिजे, आणि डोकेदुखी पूर्ण गेली पाहिजे. यातलं एक जरी झालं नाही तर जीप. मित्राने विचारलं, धोका शून्य करता येत असताना थोडाही का घ्यायचा? प्रश्न चोख होता. माझं उत्तर असं होतं की थकव्यातून माणूस सावरतो आहे, दवाखान्याचं कारण उरलेलं नाही, रात्रभर विश्रांती दोन्ही ठिकाणी सारखीच, आणि जीप हाकेवर आहे. मग निर्णय ताईंचा. त्यांच्यावतीने "झेपणार नाही" हे आपण परस्पर ठरवायचं नाही. राखीव दिवस होता, घरी फोन करून कळवलं, कुणाची रजा बुडणार नव्हती. तो दिवस नसता तर याच चर्चेला घाईचा वास आला असता आणि आम्ही बहुधा चारला निघालो असतो.

ताई राहिल्या. संध्याकाळी भूक लागली. आजींनी नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि मिरचीचा खरडा केला. पैसे घेईनात. शेवटी नातवाच्या वह्यांसाठी म्हणून भाच्याने त्याच्या हातात दिले. आजींचं माहेर पाण्याखाली गेलेलं. माहेरची माणसं आता कुठे आहेत हे विचारल्यावर त्यांनी हाताने डोंगराच्या पलीकडे दाखवलं आणि भाकरी थापत राहिल्या.

पहाटे सहाला निघालो तेव्हा ऊन अजून डोंगरापलीकडेच होतं. पोटात गरम भात-दूध, बाटलीत ओआरएस. उरलेला चढ ताईंनी अर्ध्या तासात संपवला, एकदाही न उतरता, आणि वरच्या दोन वळणांवर भाच्याशी त्याच्या परीक्षेबद्दल बोलत होत्या. कासच्या पठारावर फुलांचा मोसम सरला होता, गवत पिवळं पडत होतं, तळ्यावर धुकं. यवतेश्वर उतरून साताऱ्यात मिसळ खाल्ली. सायकली टेम्पोत घातल्या.

वयाच्या निदानाबद्दल पुन्हा

वयाने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते आणि रक्तदाबाच्या गोळ्या वयाबरोबरच येतात. पण एकच चढ आदल्या दुपारी बंद पडला आणि दुसऱ्या सकाळी सुटला, तेव्हा एका रात्रीत वय कमी झालं नव्हतं. बदललं ते ऊन, मीठ, झोप आणि न्याहारी. यातली प्रत्येक गोष्ट आखणीत घालता येते. वय घालता येत नाही. म्हणून वयावर बोट ठेवणं सोपं जातं, आणि घराघरांतल्या कितीतरी बायकांच्या सायकली जिन्याखाली धूळ खात पडतात.

डॉक्टरांनी ताईंना पुढच्या सहलीच्या आधी येऊन भेटायला सांगितलं आहे. गोळी बदलायची की वेळ बदलायची, हे ते ठरवतील. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हेही त्यांनी बजावलं. आता सहलीला येणाऱ्या प्रत्येकाकडून मी औषधाचं नुसतं नाव घेत नाही, पाकिटाचा फोटो घेतो आणि ज्याचं त्याला डॉक्टरला दाखवून यायला सांगतो.

या मार्गाने जाणाऱ्यांना मात्र एक बदल नक्की सुचवीन. मुक्काम तापोळ्याला करू नका. महाबळेश्वरहून सकाळी उतरा, दुपारच्या लाँचने त्याच दिवशी शिवसागर ओलांडा आणि रात्री बामणोलीच्या काठावर राहा. वासोटा किल्ल्याला जाणारे ट्रेकर इथे उतरतात, त्यामुळे जेवणाखाणाची आणि झोपायची सोय होते. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, तेव्हा आधी फोन करा. लाँच ठरवताना माणसांबरोबर सायकलींचा आकडाही सांगा. मग लाँच तासभर उशिरा आली तरी बिघडत नाही, कारण तुमचा चढ दुसऱ्या दिवशी सहाला सुरू व्हायचा असतो. उलट दिशेने, साताऱ्याहून निघालात तर हा प्रश्नच येत नाही. पण मग तापोळा ते महाबळेश्वर सातशे मीटरचा चढ तुमच्या वाट्याला येतो, आणि त्यासाठी तापोळ्याहून उजाडायच्या आत निघावं लागेल.